प्रचार चौकात होऊ द्या

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त, भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली
आणि
मा. राज्य निवडणूक आयुक्त, महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : समाजमाध्यमांवर पैसे देऊन केल्या जाणाऱ्या राजकीय जाहिरातींवर मर्यादा घालण्याबाबत.

माननीय महोदय,



एकच पत्र दोघांना लिहितो आहे, त्याबद्दल आधीच क्षमा असावी. लोकसभा-विधानसभा दिल्लीच्या आयोगाकडे आणि महापालिका-जिल्हा परिषदा मुंबईच्या आयोगाकडे, ही वाटणी आम्हाला ठाऊक आहे. पण मतदार तोच असतो, त्याच्या हातातला फोन तोच असतो आणि त्यावर येणाऱ्या जाहिरातीची तऱ्हाही तीच असते. शिवाय एकाला लिहिले की विषय दुसऱ्याच्या अखत्यारीत आहे असे कळवले जाते, हा अनुभव सरकारदरबारी पत्रे लिहिणाऱ्या कोणालाही नवा नाही.

मी पनवेलचा मतदार. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाले. पहिली निवडणूक २४ मे २०१७ला झाली. त्या सभागृहाची मुदत जुलै २०२२मध्ये संपली आणि दुसऱ्या निवडणुकीला १५ जानेवारी २०२६ उजाडला. मधली साडेतीन वर्षे पालिकेत प्रशासक होते, नगरसेवक एकही नव्हता. भावी नगरसेवक मात्र भरपूर होते. त्यांचे वाढदिवस चौकाचौकांत फ्लेक्सवर साजरे होत होते, आणि ते काही फक्त पनवेलचे वैशिष्ट्य नाही. नवीन गोष्ट ही की याच काळात हे वाढदिवस फोनमध्ये शिरले. दहीहंडीची रील, आरोग्य शिबिराची रील, वह्यावाटपाची रील, आणि खाली बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’. यातला एक रुपयाही निवडणूक खर्चात धरला जात नाही, कारण कायद्याच्या लेखी खर्च सुरू होतो तो उमेदवारीपासून. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ७७ हिशेब मागते तो उमेदवारीच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा. जानेवारीच्या निवडणुकीत पनवेलसारख्या ‘ड’ वर्ग महापालिकेच्या उमेदवाराला नऊ लाखांची मर्यादा होती. साडेतीन वर्षे जाहिरात करायची, अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री थांबायचे, आणि मग नऊ लाखांची पाटी कोरी घेऊन बसायचे. यात बेकायदा काहीच नाही. तक्रार नेमकी तीच आहे.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. कोणी फेसबुकवर काय लिहावे, कोणत्या नेत्याची आरती करावी किंवा कोणाला धारेवर धरावे, यात आयोगाने लक्ष घालावे असे मला मुळीच वाटत नाही. लिहिणाऱ्याला लिहू द्या. लिहिलेले आपोआप जेवढे पसरेल तेवढे पसरू द्या. माझा आक्षेप आहे तो पैसे मोजून, निवडून निवडून, ठरावीक लोकांच्याच डोळ्यांसमोर ढकलल्या जाणाऱ्या प्रचाराला.

आता कागदाचे काय होते ते पाहा. विधानसभेच्या उमेदवाराने पनवेलच्या एखाद्या छापखान्यात हजार पत्रके टाकली, तर कलम १२७-क प्रमाणे त्यांवर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापावा लागतो. छापून घेणाऱ्याने आपल्या ओळखीचे प्रतिज्ञापन सही करून द्यायचे, त्यावर त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. छापखानेवाल्याने ते प्रतिज्ञापन आणि पत्रकाची प्रत अलिबागला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार पत्रकांसाठी हा एवढा खटाटोप. त्यातली निम्मी पत्रके भेळ बांधायला जातात हे सगळ्यांना माहीत आहे, तरीही कायदा नाव मागतो आणि योग्यच करतो.

तोच मजकूर व्हिडिओ करून पनवेल-खारघरच्या फोनांवर ढकलला तर? २०१९पासून फेसबुकने आपल्याकडच्या राजकीय जाहिरातींवर ‘पैसे कोणी दिले’ ही ओळ घालायला सुरुवात केली आणि जाहिरातींचा संग्रह सर्वांना खुला केला. हे पाऊल चांगले होते, नाकारत नाही. पण त्या ओळीत अनेकदा पेजचेच नाव असते. नाव शहराचे, आशय एका पक्षाचा, आणि मागे माणूस कोण याचा थांगपत्ता नाही. द रिपोर्टर्स कलेक्टिव्ह आणि ॲड.वॉच यांनी २०२२मध्ये फेब्रुवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२० या काळातल्या ५,३६,०७० जाहिराती तपासल्या, तेव्हा स्वतःची ओळख लपवून एखाद्या पक्षाचा प्रचार करणारे जाहिरातदार त्यात मोठ्या संख्येने सापडले. उमेदवाराच्या संमतीवाचून कोणी त्याच्या प्रचारावर खर्च केला तर तो गुन्हा आहे. जुन्या दंडसंहितेत त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६मध्ये तो दहा हजारांपर्यंत वाढवला. पण दंड करायला आधी माणूस सापडायला हवा ना?

त्या संग्रहाची दुसरी अडचण स्थानिक निवडणुकीत कळते. जाहिरातीवर साधारण किती खर्च झाला, कोणत्या वयाच्या किती बायका-पुरुषांनी ती पाहिली, हे त्यात दिसते. ठिकाण म्हणून दिसते ते महाराष्ट्र. ती पनवेलला दाखवली की परभणीला, याचा उलगडा नाही. मग खर्च निरीक्षकाने ती कोणत्या प्रभागाच्या, कोणत्या उमेदवाराच्या नावे टाकायची? आमच्याकडे वीस प्रभागांत ७८ जागा आहेत, म्हणजे बहुतेक ठिकाणी चार-चार उमेदवारांचे पॅनल. चौघांचे चेहरे एका रीलवर, पैसे भरले पाचव्याने, आणि दाखला मिळतो तो राज्याचा. हा हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याची मला खरोखर दया येते.

पण माझी सर्वांत मोठी तक्रार वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

पनवेल हे एक शहर नाही. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती आहेत, जुने पनवेल गाव आहे, आणि महापालिकेत आलेली २९ गावे आहेत. वसाहतीतल्या माणसाला मालमत्ता कर टोचतो, कारण सेवा सिडकोची घ्यायची, तिचे शुल्क द्यायचे आणि वर महापालिकेचा मागच्या वर्षांपासूनचा करही भरायचा, हे दुखणे त्याने वर्षानुवर्षे सोसले आहे. जुन्या पनवेलकराला उन्हाळा आला की देहरंगचे धरण किती खाली गेले याची चिंता असते. तळोज्याकडच्या माणसाला कारखान्यांच्या वासाची आणि कासाडी नदीची. नवी मुंबई विमानतळाला जमीन दिलेल्या गावांना नोकऱ्यांची आणि विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव मिळण्याची. आता समजा, एका उमेदवाराने चौकात सभा घेतली. तिथे तो वसाहतवाल्यांना ‘कर माफ करतो’ म्हणाला, की मागे उभा असलेला गावठाणातला माणूस ओरडणार, ‘मग आमच्या गटारांचे पैसे कुठून आणणार?’ सभेची गंमत आणि धाक हाच. एकाला दिलेले वचन दुसरा ऐकत असतो. विरोधक ऐकत असतो. दुसऱ्या दिवशी त्याला उत्तर देता येते.

फोनमधल्या जाहिरातीत हा दुसरा माणूसच उभा नसतो. कराची जाहिरात खारघरच्या पिनकोडला, पाण्याची जुन्या पनवेलला, नोकरीची पंचविशीच्या आतल्या पोरांना, आणि एकमेकांवर संशय निर्माण करणारी जाहिरात ज्यांच्यावर परिणाम होईल असे वाटते त्यांना. कोणाला काय सांगितले हे शेजारच्या इमारतीतल्या माणसाला कळत नाही, आणि ज्याच्यावर आरोप केला त्यालाही कळत नाही. उमेदवाराने लबाडी केलीच पाहिजे असे नाही. पण प्रत्येकाशी वेगळे आणि एकट्यात बोलण्याची सोय त्याला विकत मिळते, आणि ती सोय वापरू नये असे कोणत्याही नियमात नाही. स्वातंत्र्यानंतर विधानसभेच्या निवडणुका आपल्याकडे १९५२पासून होत आहेत. दारोदार जाणाऱ्या कार्यकर्त्याने घराघरात वेगळी बतावणी केली असेल, नाही असे नाही. पण त्याला चप्पल झिजवावी लागत होती आणि दोन घरे पलीकडे त्याची बिंगे फुटत होती.

आता मतदानाआधीच्या ४८ तासांविषयी. मतदान संपण्याच्या आधीचे अठ्ठेचाळीस तास मतदाराला शांतपणे विचार करू द्यायचा, हा कलम १२६चा हेतू. २०२४च्या लोकसभेत आमच्या भागात तो कसा पाळला गेला असेल पाहा. शेजारचे पेण रायगड मतदारसंघात, मतदान ७ मेला. पनवेल जिल्ह्याने रायगडमध्ये असले तरी लोकसभेला मावळमध्ये. मतदान १३ मेला. आणि खारघरच्या पुढचे स्टेशन सीबीडी बेलापूर हे ठाणे मतदारसंघात. मतदान २० मेला. म्हणजे १२ मे रोजी खारघरमध्ये प्रचार करणे गुन्हा आणि हार्बर लाइनवर एक स्टेशन पुढे तो राजरोस. सकाळी मुंबईला कामाला जाणारा पनवेलकर रोज ही सीमा दोनदा ओलांडतो, फोन हातात धरून. रिक्षावरचा भोंगा खारघरच्या हद्दीपाशी बंद करता येतो. जाहिरातीला हद्द कोण दाखवणार?

कंपन्या म्हणतील, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे. महोदय, यावर मात्र विश्वास ठेवू नका. ज्या यंत्रणेला ४१०२१० या पिनकोडला जाहिरात दाखवता येते, तिला त्याच पिनकोडला ती न दाखवताही येते.

हा प्रश्न न्यायालयातही जाऊन आला आहे. ॲड. सागर सूर्यवंशी यांनी मुंबई उच्च न्यायालयात नेमकी याच ४८ तासांबद्दल जनहित याचिका केली होती. २०१९च्या सुरुवातीला तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती नरेश पाटील आणि न्या. नितीन जामदार यांच्या खंडपीठापुढे तिची सुनावणी झाली. व्यक्तीने स्वतःच्या खात्यावर मांडलेले मत आम्ही कसे रोखणार, असा आयोगाचा पवित्रा होता, आणि व्यक्तीच्या मतापुरते ते बरोबरच आहे. पुढे २० मार्च २०१९ रोजी इंटरनेट कंपन्यांच्या संघटनेने आयोगाला एक ऐच्छिक आचारसंहिता सादर केली. शांतता काळातल्या मजकुराबद्दल आयोगाने कळवले की तीन तासांत तो हटवू, असे तिच्यात वचन होते. त्या निवडणुकीत सगळ्या माध्यमांनी मिळून देशभरात ९०९ पोस्ट हटवल्या. सात टप्पे, नव्वद कोटींवर मतदार आणि ९०९ पोस्ट. ‘ऐच्छिक’ म्हटले की काय होते, हे आणखी कसे सांगायचे?

राज्य आयोगाने मात्र जानेवारी २०२६च्या निवडणुकीत एक चांगली गोष्ट केली, तिची नोंद घेतलीच पाहिजे. जाहिरात प्रमाणनाच्या २०२५च्या आदेशाने प्रचार संपल्यावर कोणत्याही माध्यमातली जाहिरात बंद ठेवली. १३ जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला आमच्याकडचे भोंगे थांबले. १४ तारखेला संक्रांत. रात्री माझ्या फोनवर चौघांचे हसरे चेहरे आले, खाली तिळगुळाची वाटी, पतंग, ‘मकरसंक्रांतीच्या हार्दिक शुभेच्छा’, कोपऱ्यात निवडणूक चिन्ह आणि त्याच्याखाली ते परिचित ‘प्रायोजित’. ही जाहिरात मला का दिसते आहे, असे विचारायची सोय त्यात असते, विचारले. उत्तर आले : तुम्ही या वयोगटात आहात आणि या परिसरात राहता. म्हणजे जगभरच्या मराठी माणसांना तिळगूळ वाटायचा नव्हता, दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मतदान केंद्रावर येणाऱ्यांनाच वाटायचा होता. याला शुभेच्छा म्हणायचे की प्रचार, हे ठरवायला कायदेतज्ज्ञ लागू नये.

तक्रार कुठे करायची, हाही प्रश्नच. लोकसभा-विधानसभेला सी-व्हिजिल नावाचे ॲप असते आणि ते उत्तम आहे. फोटो काढा, पाठवा, शंभर मिनिटांत निकाल. अट एकच : फोटो किंवा व्हिडिओ ॲप उघडून तिथल्या तिथे काढायचा, फोनमध्ये आधीच असलेले चित्र चालत नाही. खोट्या तक्रारी येऊ नयेत म्हणून ही अट घातली, ते समजते. पण जाहिरातच फोनमध्ये असेल तर? स्क्रीनशॉट चालणार नाही. शेजाऱ्याचा फोन मागून आणायचा आणि त्याने आपल्या फोनचा फोटो काढायचा. मग ठिकाण म्हणून आमच्या घराचा पत्ता जाईल आणि भरारी पथक पंधरा मिनिटांत आमच्याच दारात येईल. आले तर चहा देऊ, पण पुढे पथकाने जप्त काय करायचे?

बाहेर काय चालले आहे ते आपल्याला माहीत असेलच, तरी दोन उदाहरणे देतो. युरोपीय संघाने राजकीय जाहिरातींचा नवा कायदा १० ऑक्टोबर २०२५पासून पूर्णपणे लागू केला. जाहिरात कोणी दिली, किती पैसे दिले, कोणाला लक्ष्य केले हे प्रत्येक जाहिरातीसोबत सांगा आणि खासगी माहिती वापरून माणसे निवडायची असतील तर त्यांची स्पष्ट संमती घ्या, असे तो म्हणतो. मेटा आणि गुगल या दोघांनी काय केले? नियम पाळणे जमणार नाही म्हणत सत्तावीस देशांतून राजकीय जाहिराती घेणेच थांबवले. ब्राझीलच्या निवडणूक न्यायालयाने २०२४मध्ये नियम कडक केले तेव्हाही गुगलने तिथे हेच केले. नाव-गाव सांगण्यापेक्षा दुकान बंद केलेले बरे, असे ज्यांना वाटते त्यांचा माल काय असेल, असा विचार माझ्या मनात येतो. त्यांच्या बाजूने नियम किचकट असल्याचेही म्हणणे आहे, ते असो. एवढे खरे की त्या देशांतल्या निवडणुका राजकीय जाहिरातींवाचून अडून बसलेल्या नाहीत.

याला एक रास्त उत्तर आहे आणि ते माझ्याच ओळखीतल्या एका अपक्ष उमेदवाराने मला सुनावले. तो म्हणाला, ‘मोठ्या पक्षांकडे फ्लेक्स आहेत, गाड्या आहेत, बिर्याणी आहे. माझ्याकडे दोन हजार रुपये आणि फोन. तेवढ्यात मी दहा-वीस हजार लोकांपर्यंत पोचतो. तेही तुम्ही काढून घेणार?’ या मुद्द्यावर मी बराच विचार केला. सरसकट बंदीचा मी आग्रह धरत नाही, तो याच माणसामुळे. पण ज्या बाजारात तो दोन हजार घेऊन जातो, त्याच बाजारात दुसरा वीस लाख घेऊन येतो, आणि जागा लिलावाने जाते. दोन हजारवाल्याची जाहिरात कोण, कधी पाहणार, हे वीस लाखवाला ठरवतो. त्या अपक्षाचे भले व्हायचे असेल तर लिलावाला मर्यादा हवी.

म्हणून विनंती करतो ती अशी. उमेदवाराची किंवा पक्षाची जाहिरात फक्त त्यांनी आयोगाकडे नोंदवलेल्या खात्यावरूनच घेतली जावी. उमेदवाराने शपथपत्रात आपली खाती जाहीर करावीत हे तर भारत निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३लाच सांगून ठेवले आहे. गावाच्या, बातमीच्या, विनोदाच्या नावाने चालणाऱ्या पेजवरून उमेदवाराचा प्रचार पैसे घेऊन ढकलता येऊ नये. जाहिरातीला पूर्वप्रमाणनाचा जो क्रमांक मिळतो तो तिच्यावर मोठ्या अक्षरांत दिसावा. पत्रकावर छापखान्याचे नाव असते ना, तसा.

वय, लिंग, आवडीनिवडी आणि पिनकोड पाहून मतदार निवडण्याची सोय राजकीय जाहिरातींपुरती काढून टाकावी. दाखवायची तर अख्ख्या मतदारसंघाला, महापालिकेला दाखवायची तर अख्ख्या शहराला. खारघरला दिलेले वचन तळोज्याने पाहिलेच पाहिजे. एवढी एक गोष्ट झाली तरी माझे अर्धे पत्र निरर्थक ठरेल, आणि मला त्याचे वाईट वाटणार नाही.

शांततेचे ४८ तास पिनकोडनिहाय पाळले जावेत आणि त्यात प्रायोजित शुभेच्छाही याव्यात. कंपन्यांनी प्रत्येक उमेदवाराच्या आणि पक्षाच्या खात्यावरचा खर्च रोजच्या रोज आयोगाला कळवावा आणि आयोगाने तो प्रभागनिहाय जाहीर करावा. तक्रारीसाठी स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा दुवा स्वीकारावा. अर्ज भरण्याआधीच्या साडेतीन वर्षांचे काय, हे मात्र आदेशाने सुटणारे नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागेल आणि तो बदलणारे स्वतःच जाहिरातदार आहेत, याची मला कल्पना आहे. तरी सभागृहाची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांचा जाहिरात खर्च हिशेबात धरावा, अशी शिफारस आपण सरकारला करू शकता.

बाकीचे आपल्या अधिकारात आहे. कायदा मूक असेल तिथे निवडणूक नीट पार पाडण्यासाठी आयोगाला पाऊल उचलता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये मोहिंदरसिंग गिल खटल्यात घटनेच्या कलम ३२४चा अर्थ लावताना सांगितले. राज्य आयोगाला घटनेच्या कलम २४३-के आणि २४३-झेडए यांनी स्थानिक निवडणुकांचे नियंत्रण दिले आहे. तेव्हा पाच वर्षे थांबू नये. प्रभागरचनेचा मसुदा आपण जाहीर करता आणि त्यावर हरकती-सूचना मागवता, तसाच या जाहिरातींविषयीचा मसुदा काढावा, दोन्ही आयोगांनी मिळून काढला तर फारच उत्तम, आणि लोकांना महिनाभराची मुदत द्यावी. पनवेलमधून पहिली सूचना माझी येईल, आणि त्या अपक्ष मित्राची हरकतही मीच आणून देईन.

कळावे.

आपला नम्र,
पनवेल महापालिका हद्दीतील एक मतदार